गवत कोरडं होतं

दर शुक्रवारी सकाळी मार्लिस ट्वेडला तिचं काम कसं करायचं ते गावाकडून नव्याने शिकून घ्यावं लागे. गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर ती मालिका लागायची. दुसऱ्या दिवशी मार्लिसने कॅफेत पाऊल टाकायचा अवकाश, कुणीतरी काट्यावरचं ऑम्लेट हवेतच धरून तिच्याकडे वळायचं.

"काय गं मार्लिस, तुम्ही लोक गुन्हेगाराच्या मनात का शिरत नाही?"

"आधी त्याच्या दारात तर शिरू दे," असं म्हणून ती आपली कॉफी घेऊन कोपरा गाठायची.

मालिकेतला तो काळ्या कोटातला माणूस जळक्या नाहीतर रक्ताळलेल्या जागी उभा राही, डोळे मिटी आणि सांगून मोकळा होई: वय पस्तीस, लग्न नाही, बापाचा मार खाल्लेला, मांजरांचा तिटकारा. जाहिराती धरून तासाभरात तसाच एक माणूस बेड्यांत. मार्लिस ही जिल्ह्याच्या शेरीफ कचेरीतली एकुलती एक तपासनीस. ती डोळे मिटायची ते फक्त दुपारी जेवल्यावर, गाडीत. तिचा तपास म्हणजे दाराशी बूट काढून लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसणं. आधी त्यांची गुडघेदुखी ऐकायची, मग सुनेच्या तक्रारी, मग केक नको म्हणायचं, मग खायचा, आणि उठता उठता सहज विचारायचं की परवा समोरच्या रस्त्याने कुणाची गाडी गेली होती. डिझेल कुणी चोरलं, चर्चच्या तळघरातली कॉफीची भांडी कुणी पळवली, हे तिला असंच कळलेलं. कुणाच्या मनात शिरायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

स्वतःच्या मनात तरी ती कुठे फारशी डोकवायची? तरुणपणी मिलवॉकीच्या पोलिसांत होती, तिथेच लग्न केलं, तिथेच मोडलं. आई आजारी पडली म्हणून विस्कॉन्सिनच्या आमच्या या टेकड्यांत परत आली ती चार दिवसांसाठी. आई गेली, बाप एकटा उरला, आणि चार दिवसांची वर्षं झाली. पन्नाशी उलटलेली ही बाई अजून माडीवरच्या त्याच खोलीत झोपायची, जिथे शाळेत असताना जत्रेतल्या वासरांसाठी जिंकलेल्या पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फिती भिंतीवर तशाच टांगलेल्या होत्या. कमरेला पिस्तूल लावून ती जिना उतरली की खालून बापाचा आवाज यायचा, "कुठे निघालीस? कधी येणार?"

बाप म्हणजे ऑर्विल ट्वेड. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. दुधाच्या गाई विकल्या होत्या, पण कालवडी ठेवल्या होत्या, गवताची शेतं ठेवली होती आणि जीभ तर ठेवलीच होती. त्या जिभेचा प्रसाद मिळाला नाही असं घर आमच्या खोऱ्यात नाही. वॉल्टर बुसचंच बघा. चाळीस वर्षांपूर्वी वॉल्टरने गवत नीट वाळायच्या आत गठ्ठे बांधले आणि गोठ्याच्या माळ्यावर रचले. ओलं गवत असं दाबून ठेवलं की आतल्या आत उबतं, तापत जातं, आणि दोन-चार आठवड्यांनी कुणी काडीही न लावता पेटतं. वॉल्टरचा गोठा गाईंसकट गेला. दुसऱ्या दिवशी पेंडीच्या दुकानात ऑर्विलने त्याचं बारसं केलं, 'ओला वॉल्टर'. ते नाव त्याला चिकटलं, त्याच्या मुलांना चिकटलं, आणि परवापरवा त्याची नात शाळेकडून बास्केटबॉल खेळत होती तेव्हा समोरच्या बाकांवरून पोरं ओरडत होती, "ओली! ए ओली!"

आमच्याकडे माणूस दारू प्यायला, दिवाळखोरीत गेला, बायको सोडून गेली, तर लोक झाकण घातलेलं गरम जेवण घेऊन दारात उभे राहतात. ओलं गवत बांधणाऱ्याच्या दारात मात्र कुणी जेवण घेऊन जात नाही.

त्या वर्षी जूनभर पाऊस होता. शेवटी कुठे दोन दिवस ऊन पडलं आणि सगळं खोरं ट्रॅक्टर घेऊन शेतात धावलं. मार्लिसनेही सुट्टी टाकली आणि बापाचा ट्रॅक्टर चालवला. गठ्ठे हाताला जड लागत होते. ती म्हणाली, "पा, दव अजून वाळलं नाही. दुपारपर्यंत थांबू या."

"तू चोर पकड," ऑर्विल म्हणाला. "गवत माझ्यावर सोड."

माळा भरला. उरलेले गठ्ठे जुन्या शेडमध्ये गेले.

जुलैच्या मध्यावर हाउगेनचा गोठा जळाला. मग श्मिट्झचा. मार्लिस दोघांच्याही स्वयंपाकघरात बूट काढून बसली, दोन्हीकडे केक खाल्ला, आणि उठता उठता विचारलं, "गवत कसं होतं रे?"

"खडखडीत कोरडं," हाउगेन म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. श्मिट्झ म्हणाला, "कोरडं म्हणजे कोरडंच. का गं? कुणी काही म्हणालं?"

तिने पुढे खोदून विचारलं नाही. दुसरा कुठला तपास असता तर तिने तिसरा तुकडाही खाल्ला असता आणि उत्तर घेऊनच उठली असती. पण आपल्या घरच्या माळ्यावरही तेच गवत आहे हे तिला ठाऊक होतं. घरी येऊन तिने बापाला सांगितलं, "एकदा सळई घालून बघू या का?" लांब लोखंडी सळई गवताच्या पोटात खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, बाहेर काढून गरम लागते का ते हाताने चाचपायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ऑर्विलने वर्तमानपत्र खाली केलं नाही. म्हणाला, "सळई ओल्यांनी घालायची."

राज्याच्या आगतपासणी खात्याचा माणूस येऊन राख चाळून गेला. अहवालाला बराच वेळ लागेल म्हणाला. एवढा धीर कुणाला? शहरातल्या वाहिनीची एक बातमीदार आली, कॅफेत बसून तिने सगळ्यांशी गप्पा मारल्या, आणि दोन दिवसांनी टीव्हीवर एक मनाचा डॉक्टर आणला. त्या गुरुवारच्या मालिकेला हाच सल्ला देतो म्हणे. त्याच्यापुढे आमच्या खोऱ्याचा नकाशा ठेवला होता. त्याने चष्मा काढला, डोळे मिटले आणि सांगितलं: पुरुष, तिशीतला, आईबरोबर राहतो, गावच्या अग्निशमन तुकडीने नाकारलेला, आग लागली की बघायला सर्वांत आधी हजर.

कॅफेत काटे खाली पडले. "अरे, हा तर वेंडेल!"

वेंडेलच असणार होता. बातमीदार बाईला आदल्या दिवशी त्याच टेबलावर वेंडेल क्राउसची सगळी कुंडली ऐकवली होती ना! गावाने माप दिलं, डॉक्टरने कोट शिवला, आणि आता गाव म्हणत होतं, बघा कसा बेतशीर बसतो. मार्लिसने बातमीदाराला फोन करून विचारलंही, "डॉक्टरांना कॅफेतल्या गप्पा सांगितल्या होत्या का?" बाई म्हणाली, "थोडी पार्श्वभूमी द्यावीच लागते."

वेंडेल पेंडीच्या दुकानात पोती उचलायचा. आई आर्डिसबरोबर गावाबाहेर, ट्वेडांच्याच रस्त्याला राहायचा. दम्यामुळे तुकडीत घेतलं नव्हतं, तरी बंबाचा भोंगा वाजला की आपल्या खटारा गाडीतून धापा टाकत जायचा आणि लांब उभा राहायचा, न जाणो, कुणी पाइप धरायला बोलावलं तर. आता तो दिसला की लोक पोरांना जवळ ओढू लागले. मालिकेचा तर तो गावातला सगळ्यांत पक्का भक्त, एक भाग चुकवायचा नाही.

पुढच्या रविवारी चर्चच्या हिरवळीवर सगळं गाव सॉसेज भाजत होतं. वेंडेल आला नव्हता; आला असता तर त्याच्या टेबलावर कुणी बसलं नसतं. तेवढ्यात भोंगा वाजला. ट्वेडांचा गोठा.

मार्लिस पोचली तेव्हा छप्पर कोसळत होतं. रस्त्यावर वेंडेल उभा होता आणि त्याच्याभोवती ऑर्विलच्या सगळ्या कालवडी. रस्त्याने जाताना त्याला धूर दिसला, तो आत घुसला. दाराची लोखंडी कडी तापून लाल झाली होती, ती त्याने हाताने काढली. तळहातांची कातडी लोंबत होती आणि तरी चेहऱ्यावर हसू होतं. "मार्लिस, सगळ्या निघाल्या. मी मोजल्या. सगळ्या आहेत."

ऑर्विल त्याच्याकडे बघत राहिला. मार्लिसला वाटलं, आता हा म्हातारा टोपी काढेल. ऑर्विल शेरीफकडे वळला आणि म्हणाला, "हा माझ्याआधी इथे कसा?"

मार्लिसला त्या क्षणी बापाची इतकी लाज वाटली की ती कालवडी हाकायच्या निमित्ताने तिथून निघून गेली.

संध्याकाळी शहरातला डॉक्टर पुन्हा टीव्हीवर. अशी माणसं, तो म्हणाला, स्वतः आग लावून स्वतःच शूरवीर होतात. झालं! वेंडेल लांब उभा राहिला तर बघ्या, आत घुसला तर नाटकी. घरी बसला असता तर लपला म्हणाले असते.

सोमवारी त्याला उचलला. शेरीफ गॉर्डन हास मार्लिसच्याच वर्गातला, आणि त्याच्या पदाची निवडणूक तोंडावर आलेली. त्याने तिला कचेरीच्या दारातच अडवलं.

"तुझ्या घरचा मामला झाला, मार्लिस. तू यातून बाहेर."

"गॉर्डन, ते गवत ओलं होतं. मी ट्रॅक्टरवर होते."

"तुझ्या बापाने लिहून दिलंय की कोरडं होतं. हाउगेन, श्मिट्झ, सगळ्यांनी. तिघं शेतकरी खोटारडे आणि तू एकटी शहाणी, असं मी न्यायाधीशांपुढे म्हणू?"

"तू शेतकऱ्याचाच पोरगा ना? तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की लोक रात्री झोपत नाहीत," गॉर्डन म्हणाला. "आणि मला वाटतं, तू घरी जावंस."

ती घरी गेली नाही. दुपारी कॉफी द्यायच्या निमित्ताने आतल्या खोलीत शिरली. वेंडेल पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले हात टेबलावर ठेवून बसला होता. सकाळपासून त्याला प्रश्न विचारणं चालू होतं. तिने कप त्याच्या ओठांशी धरला.

"मार्लिस, एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "काही जणांना आठवतच नाही ना? मागे एका भागात होता एक. तोही आईजवळ राहायचा. शेवटपर्यंत म्हणत होता मी नाही, मी नाही, आणि तोच होता."

"वेंडेल, तू काही केलेलं नाहीस."

"मलाही तसंच वाटतं. पण त्यालाही तसंच वाटायचं." तो पट्ट्यांकडे बघत होता. "सगळं जुळतंय गं. मी घरी बसून बघत होतो ना, डॉक्टर बोलत होते तेव्हा. मी आईला म्हणालो, आई, हा तर मी. मग मी सांगून टाकलं मघाशी. म्हटलं, असेन मीच."

इतकी वर्षं नोकरी केली, माणसाला भिंतीशी लावणारे पाहिले, पण माणूस स्वतःच स्वतःवर दार लावून घेताना तिने पाहिला नव्हता. बाहेर बाकावर आर्डिस मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिने मार्लिसकडे बघितलं. उद्या सकाळी वेंडेलला न्यायाधीशांपुढे उभं करणार होते.

घरी ऑर्विल ओसरीवर बसला होता. गोठा जळाल्यापासून तो तिथेच बसून होता, जळक्या ढिगाकडे पाठ आणि जुन्या शेडकडे तोंड करून.

"पा, वेंडेलने कबूल केलं."

"मग झालं तर."

"त्याने तुझ्या कालवडी काढल्या. हात जाळून घेतले. आणि तुला ठाऊक आहे आग कशाने लागली."

"गवत कोरडं होतं."

"मी ट्रॅक्टरवर होते, पा!"

"साठ वर्षं गवत करतोय मी," ऑर्विल म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "साठ वर्षं! उद्या मी पेंडीच्या दुकानात कुठल्या तोंडाने जाऊ? वॉल्टर बुससारखा मागच्या दाराने?"

तेव्हा मार्लिसला पहिल्यांदा कळलं की बाप हट्टाला पेटलेला नाही, घाबरलेला आहे. आपणच चाळीस वर्षं चालवलेल्या तुरुंगात जायची त्याला भीती होती. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही गोष्टी एकदम होताना काय करायचं ते तिला समजेना. वारा शेडकडून येत होता. त्याला गोडसर वास होता, साखर करपल्यासारखा, आतून तापलेल्या गवताचा.

तिने बापाकडे पाहिलं. तो शेडकडेच बघत होता. म्हणजे वास त्यालाही आला होता, कदाचित तिच्याआधी, आणि तो तिथे बसून वाट बघत होता.

"पा, शेडची किल्ली दे."

तिने त्याच्या जाकिटाच्या खिशात हात घालून किल्ली काढून घेतली आणि गाडीतल्या वायरलेसवरून बंब मागवला. भरल्या गवतात आत आग धुमसत असली तर गठ्ठे हलवताच भडका उडतो, म्हणून पाणी हाताशी लागतंच. पण बंब मागवणं म्हणजे सगळ्या खोऱ्याला मागवणं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हाउगेन आणि श्मिट्झ तुकडीत होते, तेही आले. गॉर्डनची गाडी आली. सगळ्यांत शेवटी एक जुना ट्रक येऊन कुंपणाशी थांबला आणि त्यातून वॉल्टर बुस उतरला, काठी टेकत.

मार्लिसने ऑर्विलचीच सळई गवतात खोलवर खुपसली. तो गोड वास कसला, हे कुणाला सांगायला नको होतं. तिथे उभा असलेला प्रत्येक जण गवतात वाढलेला होता. जरा वेळाने ऑर्विल पुढे आला. "सरक," तो म्हणाला, सळई स्वतः ओढून काढली आणि जे टोक आत होतं तेच मुठीत धरलं.

"गरम नाही," ऑर्विल म्हणाला.

त्याने मूठ सोडली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मान थरथरू लागली. "गरम नाही," तो पुन्हा म्हणाला.

"पा, सोड!"

वॉल्टर काठी टाकून पुढे झाला, त्याने ऑर्विलची बोटं एकेक करून उलगडली आणि त्याचा हात बंबाच्या बादलीत बुडवला. "मीही हेच म्हणालो होतो तेव्हा," वॉल्टर म्हणाला. "बायको ओरडत होती आणि मी म्हणत होतो, गरम नाही."

ऑर्विल बादलीत हात ठेवून गुडघ्यांवर बसला होता. मग तो म्हणाला, "ओलं होतं." मोठ्याने नाही, पण तिथे सगळ्यांनी ऐकलं.

हाउगेन बुटांकडे बघत म्हणाला, "माझंही जरा दमट होतं." श्मिट्झने मान डोलावली. मग सगळ्यांनी पाइप धरले आणि गठ्ठे बाहेर ओढायला लागले; काही गठ्ठ्यांचं पोट काळं पडलं होतं.

गॉर्डनने टोपी काढून हातात घेतली. "आता न्यायाधीशांना मी सांगू काय?"

"सांग की गुन्हेगार सापडला नाही. नव्हताच."

"शहरातल्या त्या डॉक्टरला कोण सांगणार?"

"त्याला कुणी विचारणारही नाही," मार्लिस म्हणाली. आणि खरंच कुणी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी कॅफेतली सगळी मंडळी पुन्हा टीव्हीपुढे होती.

मंगळवारी सकाळी ती वेंडेलला आणायला गेली तेव्हा आर्डिस त्याच बाकावर होती. वेंडेल बाहेर आला, उन्हाने डोळे बारीक केले आणि मार्लिसच्या गाडीपाशी थांबला. दार उघडायला त्याचे हात चालत नव्हते, म्हणून तिने उघडलं. तो बसला नाही.

"मग मी नव्हतो ना?" त्याने विचारलं.

"नव्हतास."

"मग कोण होता?"

"कोणीच नव्हतं, वेंडेल. गवत होतं."

त्याने मान डोलावली, बऱ्याच वेळा डोलावली. आर्डिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत बसवलं. गाडी गावाबाहेर पडली, ट्वेडांचा जळलेला गोठा मागे गेला. तेव्हा मागच्या सीटवरून त्याचा आवाज आला. तो आईशी बोलत होता, अगदी हळू, मार्लिसला ऐकू जाऊ नये म्हणून.

"ती चांगली आहे म्हणून म्हणते तसं," वेंडेल म्हणाला. "पण कोणीतरी असणारच ना, आई. तू रात्री माझ्या खोलीला बाहेरून कडी लावत जा."